फुकटचा डबा की ओपन सोर्स? लोड बॅलन्सर बसवतानाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

आमचं एक अंतर्गत वेब अ‍ॅप्लिकेशन आहे. लोक दिवसभर माहिती भरतात, फायली चढवतात आणि दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत आपापले अहवाल उतरवून घेतात. हे सगळं तीन सर्व्हरवर चालतं. पुढे लोड बॅलन्सर (येणारी रहदारी सर्व्हरांत वाटून देणारा) नाही. डीएनएसमध्ये (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) एका नावाला तीन पत्ते दिलेत, बाकी देवावर हवाला.

गेल्या आठवड्यात तिसरा सर्व्हर बंद पडला आणि दर तिसऱ्या माणसाला पान उघडेना. टीटीएल (पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) ६० सेकंदांचा होता, मेलेला पत्ता मी पाच मिनिटांत काढलाही. तरी काही मशीन पाऊण तास त्याच पत्त्यावर धडका मारत होत्या. त्या पाऊण तासात आलेले फोन मोजले नाहीत, पण हे काम मंजूर झालं ते त्या फोनांमुळेच.

मागण्या कागदावर लिहिल्या. मेलेला सर्व्हर आपोआप बाजूला पडावा. टीएलएसचं (ब्राउझरशी होणारं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या पद्धतीचं) सर्टिफिकेट एकाच जागी असावं. जो ज्या सर्व्हरवर लॉगिन झाला तो तिथेच राहावा, कारण आमचं सेशन (लॉगिन झालेल्या माणसाची चालू नोंद) सर्व्हरच्या मेमरीत आहे (जुनं पाप, पुढे नडणार हे दिसतंय). दुरुस्तीसाठी एखादा सर्व्हर कुणाला न कळता काढता यावा. आणि लोड बॅलन्सर स्वतःच मेला तर? म्हणून तो जोडीने हवा.

पैसे शून्य, वेळ दोन आठवडे. माणसं दोन: मी आणि माझा धाकटा सहकारी. तो माउस हातात असला की वाघ आहे, काळी स्क्रीन दिसली की गप्प होतो. निवड करताना हेही मोजायला हवं होतं, हे मला फार उशिरा सुचलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आधी व्यापारी कंपनीची फुकट आवृत्ती. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे आणि अशा बहुतेक आवृत्त्यांची चाल सारखीच असते. तयार व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरमधला आभासी संगणक) मिळतं, ते उचलायचं आणि चालू करायचं. आम्ही त्याला डबा म्हणायला लागलो.

डबा उतरवण्यापासून तीनही सर्व्हर त्याच्यामागे लागेपर्यंत दोन तास लागले, आणि त्यातले वीस मिनिटं नोंदणीच्या ईमेलची वाट बघण्यात गेली. सर्टिफिकेट चढवायला एक खिडकी, सेशन चिकटवायला एक यादी, आरोग्य तपासणीला (सर्व्हर जिवंत आहे का बघायला) एक रकाना. सहकाऱ्याने दुसरी सेवा स्वतःच जोडली, मला विचारलंही नाही. हे मी आजच लिहून ठेवतो, नाहीतर पुढच्या रागात विसरायचो.

मर्यादाही लपवलेल्या नव्हत्या. एकूण वेग २० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट), सेकंदाला ५० नवे टीएलएस व्यवहार, जोडीने चालवायची सोय नाही, आणि परवाना ठरावीक दिवसांनी इंटरनेटवरून ताजा करायचा. मी आमचा आलेख काढून पाहिला: गेल्या दोन आठवड्यांतला सर्वांत वरचा आकडा १२. ‘चालेल’ असं वहीत लिहिलं.

या एका शब्दात दोन चुका होत्या. मी पाहिलेला आलेख पाच-पाच मिनिटांच्या सरासरीचा होता. आणि त्या दोन आठवड्यांत १० तारीख नव्हती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

डबा खऱ्या रहदारीवर लावला. दुपारपर्यंत शांत. मग दोन नंबरच्या सर्व्हरचं डेटाबेसशी जोडणं तुटलं आणि लोकांना लॉगिननंतर पांढरं पान दिसायला लागलं. डब्यावर मात्र तिन्ही दिवे हिरवे.

कारण लाजिरवाणं आहे. तपासणीसाठी मी मूळ पान दिलं होतं, आणि ते पान फक्त लॉगिनकडे पाठवतं, म्हणजे ३०२ उत्तर देतं. डेटाबेस मेला तरी ते ३०२ देतच राहतं. डबा त्याला जिवंत समजत होता, आणि त्याने समजावंही, कारण विचारलं तेवढंच त्याने तपासलं.

संध्याकाळी अ‍ॅपमध्ये एक वेगळा पत्ता बनवून घेतला. तो डेटाबेसला एक छोटा प्रश्न विचारतो, फायलींच्या जागेवर लिहिता येतं का बघतो, सगळं ठीक असेल तरच २०० देतो, नाहीतर ५०३. पहिल्या खेपेला या तपासणीत मी बाहेरची ईमेल सेवाही घातली होती. रात्री ईमेल सेवा पाच मिनिटं गेली आणि तिन्ही सर्व्हर एकदम ‘मेले’. ती ओळ काढली. जे बंद पडल्यावर सर्व्हर बदलून काहीच साधणार नाही, ते तपासणीत घालायचं नाही. ही दुरुस्ती पुढे कुठलाही लोड बॅलन्सर घेतला तरी कामाला आली.

१० फेब्रुवारी, सोमवार

अहवालाचा दिवस. सकाळी साडेदहापासून ‘स्लो आहे’ सुरू. एरर एकही नाही. डब्यावर दिवे हिरवे, सर्व्हरचे सीपीयू निवांत, डेटाबेस निवांत. तरीही मी डेटाबेसच उसवत बसलो, कारण आमच्याकडे ‘स्लो’ म्हटलं की गुन्हेगार नेहमी तोच असतो. चार तास गेले.

दुपारी अडीचला सहकारी म्हणाला, “दादा, हा आलेख असा का दिसतोय? कुणी पट्टी ठेवून रेघ ओढल्यासारखा.” डब्याच्या पानावर रहदारीची रेषा २० वर चढून तिथेच आडवी झोपली होती. खऱ्या रहदारीला दात असतात. ती खालीवर होते, कधी सपाट होत नाही.

खात्री करायला एकच मोठा अहवाल दोन वाटांनी उतरवला. थेट सर्व्हरवरून सेकंदाला ११ मेगाबाइट. डब्यातून, लोक जेवायला गेलेले असताना, २.४. वीस मेगाबिटला आठने भागलं की अडीच येतात, म्हणजे हिशेब जुळला. मग दोन खिडक्यांतून एकदम उतरवला, तर प्रत्येकी १.२.

डब्याने फसवलं नाही. आकडा पहिल्याच पानावर होता. पण मर्यादा गाठल्यावर नक्की काय होतं, ते मी विचारलं नव्हतं. मला वाटलं होतं की काहीतरी ओरडेल, नोंद लिहील, पिवळा दिवा लावेल. तो नुसता सगळ्यांना थोडं थोडं कमी वाढत होता. अशी मर्यादा शोधायला सर्वांत वाईट, कारण कुठल्याच लॉगमध्ये ती सापडत नाही.

तीन वाजता नाव पुन्हा डीएनएसच्या तीन पत्त्यांवर टाकलं आणि दिवस काढला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वरच्यांशी बोलणं झालं. “मॅडम, हाच डबा विकत घेतला तर वेगाचा प्रश्न सुटेल,” असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. त्यांनी विचारलं, “आणि दरवर्षी?” परवाना वार्षिक आहे, जोडीने लावायचे तर दोन घ्यावे लागतील. विषय तिथेच संपला. दोन आठवड्यांची मुदत मात्र चारवर नेऊन घेतली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

एनजिनएक्स. हा वेब सर्व्हर रहदारीही वाटतो. तिन्ही सर्व्हरवर तो आधीच आहे, हात बसलेला आहे, म्हणून पहिली उडी तिकडे. अर्ध्या तासात रहदारी वाटायला लागला.

मग सर्व्हर मारून पाहिले. सेवा बंद केली, तर पुढची विनंती लगेच दुसऱ्या सर्व्हरवर गेली, कुणाला कळलंही नाही. खूष झालो. नंतर सेवा चालू ठेवून व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क कार्डच तोडलं. ब्राउझरचं चक्र फिरत राहिलं. फिरतंय, फिरतंय. घड्याळ लावलं तर बरोबर ६० सेकंदांनी पान आलं.

सेवा बंद असली की समोरचा ‘नाही’ म्हणतो आणि एनजिनएक्स पुढे सरकतो. नेटवर्कच तुटलं तर कुणी नाहीही म्हणत नाही, मग तो जोडणीच्या मुदतीपर्यंत थांबतो, आणि ती मुदत मुळात ६० सेकंदांची असते. मी ती २ वर आणली. नुसती सेवा बंद करून घेतलेली चाचणी म्हणजे अर्धी चाचणी. तार तोडूनच बघा.

दुसरा अडथळा मोठा. एनजिनएक्सच्या ओपन सोर्स आवृत्तीत सर्व्हर मेलाय हे खऱ्या माणसाची विनंती फसल्यावर कळतं. एक चूक झाली की १० सेकंद तो बाजूला, मग पुन्हा एखाद्या माणसाच्या विनंतीवर परीक्षा. आपणहून ठरावीक वेळाने आरोग्य विचारणं पैशाच्या आवृत्तीत आहे. शिवाय ‘झोन’ ची (सामायिक मेमरीची) ओळ दिली नाही तर प्रत्येक वर्कर (एनजिनएक्सची काम करणारी प्रक्रिया) आपापली मोजणी ठेवतो. आमचे चार वर्कर, म्हणजे मेलेला सर्व्हर ओळखायला चार जणांचा बळी. झोन घातल्यावर तेवढं सुटलं.

अर्ज भरून ‘पाठवा’ दाबलं आणि विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचून मग फसली, तर एनजिनएक्स ती दुसरीकडे आपणहून पाठवत नाही. हे योग्यच आहे, नाहीतर एकच अर्ज दोनदा नोंदला जाईल. पण म्हणजे त्या माणसाला एरर दिसणारच. ६ तारखेला एवढा खपून बनवलेला आरोग्याचा पत्ता इथे कुणी विचारणारच नव्हतं, ते मनाला पटेना.

पाच तास. फेकले असं म्हणणार नाही, कारण सर्व्हरवरचे जुने एनजिनएक्स यामुळे नीट झाले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

एन्व्हॉय या आणखी एका ओपन सोर्स पर्यायावर चार तास. ताकद अफाट आहे. ज्यांच्याकडे शेकडो सेवा एकमेकींशी बोलतात त्यांच्यासाठीच तो जन्मला, २०१६ मध्ये लिफ्ट (Lyft) या टॅक्सी कंपनीतून बाहेर आला तो तशाच गरजेतून. आमच्या तीन सर्व्हरसाठी मी सव्वाशे ओळींचं यामल (कॉन्फिग लिहायची पद्धत, रिकाम्या जागाही मोजणारी) लिहून बसलो आणि एका रिकाम्या जागेपायी अर्धा तास घालवला. बंद केला. ट्रॅफिक (Traefik) नावाचा लोड बॅलन्सर कंटेनरवाल्यांना (अ‍ॅप वेगळ्या खोक्यात बंद करून चालवणाऱ्यांना) सोयीचा, आमच्याकडे कंटेनर नाहीत. लिनक्सच्या कर्नलमधला एलव्हीएस वेगाला तोड नाही, पण तो टीएलएस उलगडत नाही आणि कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण) वाचत नाही. दोघांनाही हात लावला नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

एचएप्रॉक्सी. विली तारो यांनी २००० च्या सुमारास सुरू केलेला ओपन सोर्स लोड बॅलन्सर, अजून तेच सांभाळतात. डेबियन १२ या लिनक्समध्ये २.६ मिळतो. आवृत्तीचा दुसरा आकडा सम असेल तर दीर्घ आधाराची, विषम असेल तर थोड्या काळाची. २.६ घेतला, नव्याच्या मागे लागलो नाही.

सर्टिफिकेटवर पहिला तास गेला. याला सर्टिफिकेट, मधली साखळी (ते देणाऱ्यांची मधली सर्टिफिकेटं) आणि खाजगी किल्ली साधारणपणे एकाच फायलीत देतात; किल्ली वेगळी ठेवायची तर तिचं नाव ठरावीक हवं. मी किल्ली वेगळी, भलत्याच नावाने ठेवली, तो उठेचना. किल्ली जोडली, उठला, ब्राउझरमध्ये कुलूप दिसलं, आणि मी चहाला गेलो. परत येतो तर सहकारी फोनवर: डेस्कटॉपवर चालतंय, काहींच्या मोबाइलवर सर्टिफिकेट अमान्य. मधली साखळी राहिली होती. काही ब्राउझर ती आपणहून मिळवतात किंवा आधी पाहिलेली वापरतात, त्यामुळे स्वतःच्या ब्राउझरवर विश्वास ठेवून चालत नाही. कमांडवरून, काहीही आठवण नसलेल्या साधनाने तपासायचं.

आरोग्य तपासणी दहा मिनिटांत लागली. एक लक्षात ठेवा: हाही मुळात २०० आणि ३०० च्या घरातली सगळी उत्तरं ठीक मानतो, म्हणजे ६ तारखेची चूक इथेही तशीच झाली असती. ‘फक्त २०० हवं’ असं स्पष्ट लिहिलं. दर २ सेकंदांनी विचारणा, तीनदा फसला की बाहेर, दोनदा जमलं की आत. हे मूळचेच आकडे आहेत, मी बदलले नाहीत. नेटवर्क तोडून पाहिलं: सात सेकंदांत सर्व्हर लाल, त्यानंतर एकालाही त्रास नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आजची गंमत जपून ठेवण्यासारखी आहे. सकाळी ९:५० ला एचएप्रॉक्सी खऱ्या रहदारीवर लावला. १०:०५ ला कुणालाच लॉगिन होईना. चुकीचा पासवर्ड नाही, सर्व्हर बंद नाही. ‘फार वेळा प्रयत्न झाले, पंधरा मिनिटांनी या’ एवढंच.

अ‍ॅपमध्ये नियम आहे: एका पत्त्यावरून पाच वेळा पासवर्ड चुकला की तो पत्ता पंधरा मिनिटं बंद. एचएप्रॉक्सी मध्ये आल्यापासून अ‍ॅपला सगळे लोक एकाच पत्त्यावरून येताना दिसत होते, लोड बॅलन्सरच्या. कुणा एकाचं कॅप्स लॉक चालू राहिलं आणि सगळं ऑफिस दाराबाहेर.

डबा मूळ पत्ता हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीत) आपणहून घालत होता, म्हणून तेव्हा कळलं नाही. इथे ‘ऑप्शन फॉरवर्डफॉर’ ही ओळ आपण लिहायची. ती लिहून भागलं नाही, कारण ब्राउझरकडूनच कुणी तोच हेडर खोटा भरून पाठवला तर? आत येणारा हेडर आधी पुसायचा, मग आपला घालायचा, आणि सर्व्हरवरच्या एनजिनएक्सला सांगायचं की हा हेडर फक्त लोड बॅलन्सरच्या पत्त्याकडून आला तरच मान. तिन्ही गोष्टी केल्या. अडीच तास आणि थोडी अब्रू.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मोठा अहवाल काढणाऱ्यांना ५०४, म्हणजे ‘सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही’. डेबियनच्या तयार कॉन्फिगमध्ये सर्व्हरच्या उत्तराची मुदत ५० सेकंद असते, आमचा वार्षिक अहवाल ८० घेतो.

इथे मला एचएप्रॉक्सीचा लॉग मनापासून आवडला. प्रत्येक ओळीत एक खूण असते, तिची पहिली दोन अक्षरं सांगतात की जोडणी कुणी आणि कुठल्या टप्प्यावर संपवली. लहान लिपीतलं ‘एस’ आणि मोठ्या लिपीतलं ‘एच’ दिसलं: पहिलं अक्षर सांगतं की सर्व्हरकडची मुदत संपली, दुसरं सांगतं की उत्तराच्या हेडरची वाट बघताना संपली. ग्राहकानेच पान बंद केलं असेल तर पहिलं अक्षर वेगळं येतं. डब्याच्या दिवशी चार तास मी जे चाचपडत होतो, त्याचं उत्तर इथे दोन अक्षरांत मिळालं.

मोह झाला की सगळ्यांचीच मुदत १८० करावी. केली नाही. अहवालाच्या वाटेसाठी वेगळा बॅकएंड (मागच्या सर्व्हरांचा गट) काढला, त्यालाच १८०, बाकी ३०. नाहीतर एखादा सर्व्हर खरोखर अडकला तर सगळे तीन मिनिटं लटकतील. सूचनांच्या वेबसॉकेटसाठी (सतत उघडी राहणारी जोडणी) ‘टाइमआउट टनेल’ वेगळा एक तास दिला, तो नसेल तर शांत बसलेली जोडणी तुटते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सेशन कुकीने चिकटवलं. आता सर्व्हर हळूच काढून बघू म्हटलं. दोन नंबरला ‘ड्रेन’ लावलं, म्हणजे नवे लोक जाणार नाहीत, जुने काम आटोपून निघतील. अकराला लावलं. दोन वाजता अजून १४ जण आत. चार वाजता ९.

ड्रेनमध्ये ज्यांच्याकडे त्या सर्व्हरची कुकी आहे ते येतच राहतात, ते तसंच ठरलेलं आहे. आणि आमचे लोक सकाळी लॉगिन करतात ते संध्याकाळीच बाहेर पडतात. पर्याय ‘मेंटेनन्स’, पण मग ते नऊ जण दुसऱ्या सर्व्हरवर जातील आणि तिथे त्यांचं सेशन नसल्याने अर्धा भरलेला अर्ज गेला.

इथे लोड बॅलन्सर बदलून काही होणार नव्हतं. डब्यातही हेच झालं असतं, लाखमोलाचा घेतला तरी हेच. सेशन सर्व्हरच्या बाहेर काढायलाच हवं.

२४ ते २६ फेब्रुवारी

सेशन रेडिसमध्ये (सगळ्या सर्व्हरांना सामायिक अशी मेमरीतली साठवण) नेलं. मार्च २०२४ मध्ये रेडिसने परवाना बदलला आणि त्यातून लिनक्स फाउंडेशनखाली वाल्की ही वेगळी शाखा निघाली, त्यामुळे ‘ओपन सोर्स’ चा शिक्का आज आहे तो उद्या असेलच असं धरून चालू नये. डेबियन १२ मधला ७.० जुन्याच बीएसडी या ओपन सोर्स परवान्याचा आहे, तोच घेतला. पुढच्या वेळी वाल्कीचा विचार करावा लागेल.

काम अकरा तासांचं, त्यातले सात एका जुन्या मॉड्यूलमध्ये गेले. त्याने सेशनमध्ये उघडलेली फाइलच ठेवली होती. उघडी फाइल अशी दुसरीकडे साठवता येत नाही. ज्याने ते लिहिलं त्याला चार शब्द सुनवणार होतो, इतिहास पाहिला तर मीच होतो.

कुकीची ओळ काढली. दुपारी सव्वाबाराला, भर गर्दीत, दोन नंबर सरळ बंद केला. फोन आला नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

जोडी. दुसरं मशीन घेतलं, दोन्हींवर कीपअलाइव्हड (जोडीदार जिवंत आहे का बघणारा प्रोग्रॅम), मध्ये तरंगता पत्ता. एक मेलं की दुसरं तो पत्ता उचलतं.

दोन्हींनी उचलला. एकाच वेळी. पान कधी येतं, कधी नाही, कधी अर्धं. दोन्ही मशीन लॉगमध्ये ‘मीच मुख्य’ म्हणत होती. त्यांची आपसातली बोलणी व्हीआरआरपीने चालतात, ते टीसीपीही नाही आणि यूडीपीही नाही, त्याचा स्वतःचा प्रोटोकॉल क्रमांक ११२ आहे. माझ्या फायरवॉलमध्ये फक्त टीसीपी-यूडीपीचे पोर्ट उघडलेले होते. एकाला दुसऱ्याचा आवाजच जात नव्हता, म्हणून दोघांना वाटलं समोरचा मेला. नियम घातल्यावर दहा सेकंदांत भांडण मिटलं.

शिवाय गटाचा क्रमांक मी ५१ ठेवला होता, कारण सगळ्या नमुन्यांत ५१ असतो. त्याच नेटवर्कवर आणखी कुणी नमुना पाहून जोडी लावली असेल तर टक्कर ठरलेली. बदलला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मशीन चालू पण एचएप्रॉक्सी मेला, तर? त्यासाठी कीपअलाइव्हडला तपासणीची स्क्रिप्ट दिली: एचएप्रॉक्सी नसेल तर क्रम ५ ने कमी कर (या ५ ला ‘वजन’ म्हणतात). ज्याचा क्रम मोठा तो मुख्य: मुख्याचा क्रम ११०, दुसऱ्याचा १००. एचएप्रॉक्सी बंद केला. पत्ता हलेना. अर्धा तास स्क्रिप्टच्या परवानग्या तपासल्या, मग बोटांवर मोजलं: ११० वजा ५ म्हणजे १०५, आणि १०५ हे १०० पेक्षा मोठंच आहे.

वजन २० केलं, चाललं. मग वाटलं, पहिलं मशीन परत उठल्यावर पत्ता पुन्हा ओढून घेतं, तो दुसरा झटका कशाला. म्हणून ‘नोप्रीएम्प्ट’ लावलं. झालं, वजनाची युक्ती पुन्हा बंद पडली. दुसऱ्याचा क्रम आता मोठा असूनही तो पुढे येईना, कारण पुढे येऊ नको असंच मी त्याला सांगितलं होतं. शेवटी वजनच काढून टाकलं. वजन नसेल तर स्क्रिप्ट फसताच मशीन स्वतःला बिघडलेलं ठरवतं आणि पत्ता सोडून देतं. कॉन्फिगही दोन ओळींनी कमी झालं.

मोजमाप: अर्ध्या सेकंदाला एक विनंती पाठवत बसलो. मुख्य मशीनची वीज तोडली तर सात-आठ विनंत्या फसल्या, म्हणजे साडेतीन ते चार सेकंद. हिशेबाला धरून आहे: तीन हाका चुकेपर्यंत तीन सेकंद, वर क्रमानुसार थोडा वेळ, १०० क्रमाला ०.६. सेवा रीतसर थांबवली तर जाणारा ‘मी चाललो’ सांगून जातो. तेव्हा एक किंवा दोनच विनंत्या फसल्या.

५ मार्च, बुधवार

मेमरी वाढलेली दिसली. पाहतो तर एचएप्रॉक्सीच्या सहा जुन्या प्रक्रिया जिवंत. रीलोड केलं (नवं कॉन्फिग लागू केलं) की नवी प्रक्रिया येते आणि जुनी आपल्या जोडण्या संपेपर्यंत थांबते. आमच्या वेबसॉकेट जोडण्या दिवसभर संपतच नाहीत. ‘हार्ड-स्टॉप-आफ्टर’ (जुनी प्रक्रिया जबरदस्तीने थांबवायची मुदत) ३० मिनिटांवर ठेवला.

सर्टिफिकेट ९० दिवसांचं आहे, नूतनीकरण आपोआप होतं, पण एकत्र फाइल कोण बनवणार? नूतनीकरणानंतर चालणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली: साखळी आणि किल्ली जोड, कॉन्फिग तपासून बघ, ठीक असेल तरच रीलोड कर, दुसऱ्या मशीनवर पाठव. शेवटची पायरी पहिल्यांदा विसरलो होतो. तसंच राहिलं असतं तर जून महिन्यात पहिलं मशीन पडेपर्यंत कुणाला कळलं नसतं.

६ मार्च, गुरुवार

सहकाऱ्याची तक्रार, आणि ती खरी आहे: “दादा, डब्यावर मी स्वतः करत होतो. आता प्रत्येक गोष्टीला तुम्हाला हाक मारावी लागते.”

एचएप्रॉक्सीचं आकडेवारीचं पान त्याला उघडून दिलं, फक्त आतल्या नेटवर्कवर, पासवर्डसह. त्यातून सर्व्हर ड्रेन किंवा बंद करता येतो. सर्व्हर वाढवणं, मुदत बदलणं वगैरे तिथे नाही, त्यासाठी कॉन्फिगची फाइल गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) ठेवली. त्याने बदल सुचवायचा, स्क्रिप्ट तपासेल, मी पाहून पुढे ढकलायचं. दुपारी त्याने पहिला बदल पाठवला, त्यात एक कंस जास्त होता आणि स्क्रिप्टने तो अडवला. मला बरं वाटलं. डब्यात केलेला बदल कुणी, कधी, का केला हे विचारायची सोयच मला सापडली नव्हती.

१० मार्च, सोमवार

अहवालाचा दिवस. सकाळपासून आलेखावर नजर. ११:४० ला ६३ एमबीपीएस. रेषेला दात आहेत.

आत्तापर्यंतचे तास: डबा ८, एनजिनएक्स ५, एन्व्हॉय ४, एचएप्रॉक्सी १४, कीपअलाइव्हड ९, सेशनचं काम ११. एकूण ५१. डबा विकत घेतला असता तर यातले सेशनचे ११ तरीही लागलेच असते. ज्यांची रहदारी १० तारखेलाही १५ च्या वर जात नाही, आणि लोड बॅलन्सर अर्धा तास बंद राहिला तर चालतं, त्यांनी फुकटचा डबा खुशाल घ्यावा. दोन तासांत होतो. फक्त आलेख एक मिनिटाचा बघा, पाच मिनिटांचा नको.

१२ मार्च, बुधवार

कागदपत्रं लिहिताना सहकाऱ्याने विचारलं, “दोन्ही मशीन कुठल्या होस्टवर आहेत ते काय लिहू?” यादी उघडली. दोन्ही एकाच होस्टवर, म्हणजे एकाच खऱ्या संगणकावर आहेत. दुसरं मशीन मी पहिल्याची प्रत काढून बनवलं होतं, आणि प्रत जिथे काढली तिथेच ती राहिली.

आज रात्री नऊला हलवतोय. ‘दोघं कधीही एका होस्टवर नकोत’ हा नियम व्हर्च्युअलायझेशनमध्ये घालायचा आहे, आणि हलवून झाल्यावर पहिल्या होस्टची वीज खरोखर काढून बघायची आहे.